दिव्यांचा ताप

स्टेजच्या भीतीला जर्मन भाषेत ‘लाम्पेनफीबर’ म्हणतात. लाम्पेन म्हणजे दिवे, फीबर म्हणजे ताप. दिव्यांचा ताप! लेकीच्या व्हायोलिनच्या बाईंनी हा शब्द मला सांगितला, आणि जर्मनीतल्या कार्ल्सरुहेत त्या खोलीत हीटरला टेकून बसल्या बसल्या मला एकदम कोल्हापूरच्या खासबाग मैदानाशेजारचं केशवराव भोसले नाट्यगृह आठवलं.

मी नववीत होते. शाळेचं गॅदरिंग. भूप राग गायचा होता, छोटा ख्याल, तीनताल, सगळं मिळून सात-आठ मिनिटं. स्थायी, म्हणजे बंदिशीचा पहिला भाग, झाली आणि दुसरा भाग, अंतरा, डोक्यातून गेला. असा गेला, की तो कधी पाठ केलाच नव्हता की काय असं वाटावं. समोर दिवे, दिव्यांमागे काळोख, आणि त्या काळोखात कुठेतरी आईबाबा आणि निम्मी गल्ली. मी स्थायीच पुन्हा म्हटली. मग पुन्हा. चौथ्यांदा समेवर आले तेव्हा तबल्यावरच्या सरांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि तिहाई, म्हणजे शेवटाचा तीनदा वाजणारा तुकडा, घेऊन मला सोडवलं. टाळ्या पडल्या, पण त्या तबल्याच्या होत्या एवढं कळायचं वय होतं माझं. घरी येताना स्कूटरवर बाबा एवढंच म्हणाले, “चालतंय की.”

पुढच्या वर्षी दहावी. क्लास बंद झाला. कोणी विचारलंसुद्धा नाही, कारण दहावी म्हटलं की आमच्याकडे गाणं, चित्रकला, पोहणं सगळं आपोआप बंद व्हायचं. (हल्ली शास्त्रीय कलांच्या परीक्षांचे दहावीला वाढीव गुण मिळतात, त्यामुळे उलट क्लासला गर्दी असते म्हणे. गुणांसाठी का होईना.) अल्लादियाखाँसाहेब जिथे शाहू महाराजांच्या दरबारी गायचे ते आमचं गाव. तिथं सूर उतरला तर पेठेतला दूधवालाही मान वळवून बघेल, अशी निदान माझी समजूत होती. भीतीला तेवढी पुरे.

गेल्या मे महिन्यात तेच सगळं लेकीच्या वाट्याला आलं. इथल्या संगीतशाळांत ‘फोअरश्पील’ नावाचा प्रकार असतो. वर्षातून दोन-तीनदा सगळी मुलं एकामागून एक येऊन एकेक तुकडा वाजवतात. हार नाहीत, निवेदक नाही. चार सुरांवर अडखळणाऱ्या सहा वर्षांच्या पोरालाही टाळ्या तेवढ्याच. आमची चौदा वर्षांची कन्या आठव्या मात्रेवर थांबली. बो, म्हणजे व्हायोलिनचा गज, थरथरायला लागला. गळा थरथरला तर निदान गमक घेतली, सूर मुद्दाम हलवला, म्हणता येतं, बो थरथरला तर काही लपवता येत नाही. आणि इथले श्रोते! शेवटचा सूर विरेपर्यंत खुर्चीसुद्धा करकरत नाही. त्या शांततेत तिचं थांबणं मला मागच्या रांगेपर्यंत ऐकू आलं.

बाईंनी समजूत वगैरे घातली नाही. त्यांनी एक गोष्ट सांगितली. पाब्लो कासाल्स हा चेलोचा मोठा कलावंत. 1901 मध्ये अमेरिकेत डोंगरावर फिरताना त्याच्या डाव्या हातावर दगड पडला, तेव्हा त्याच्या मनात पहिला विचार आला तो सुटकेचा: आता वाजवायला नको! तो पुढे सत्तर वर्षं वाजवत राहिला. मग बाई म्हणाल्या, आता जिना दोनदा चढून उतर आणि छाती धडधडत असतानाच वाजव. आठवडाभर हेच. दुसरं काम असं, की त्या तुकड्याचे पाच भाग करायचे आणि कुठल्याही भागापासून सुरू करता आलं पाहिजे. बाईंनी चिठ्ठी उचलायची, चार नंबर निघाला तर चारपासून. वाटेत काही हरवलं तर पुढच्या भागावर उडी मारायची, मागे जायचं नाही.

हे ऐकून मी मनातल्या मनात चरफडले. आमच्या क्लासमध्ये नेहमी पहिल्यापासून सुरुवात. अंतरा हरवला तर काय करायचं, हे कोणी शिकवलंच नव्हतं.

वेळेचं गणित वेगळंच. शाळा साडेतीनपर्यंत, आठवड्यातून दोनदा हँडबॉल, आणि रात्री दहानंतर इमारतीत चिडीचूप. घरात वाद्य किती वेळ वाजवायचं यावर इथे खटले चालतात. ऑग्सबुर्गच्या एका ट्रम्पेटवाल्याचं प्रकरण थेट आमच्याच कार्ल्सरुहेतल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयात आलं. 2018 च्या त्या निकालात वाद्य वाजवणं हा राहत्या घराचा नेहमीचा वापर मानला गेला आणि ढोबळमानाने रोजचे दोन-तीन तास ठीक धरले. आमच्या घरी तेवढा वेळ आहे कुणाला? जेवणाआधी पंचवीस मिनिटं, फोन स्वयंपाकघरात डाळीच्या डब्यांवर. एवढंच ठरलं आणि एवढंच टिकलं.

ऑगस्टमध्ये कोल्हापूरला गेलो. घरचा गणपती गौरींबरोबर जातो, म्हणजे गेल्या वर्षी सात दिवस. पहिल्याच संध्याकाळी आरती झाली, खिरापत वाटली, आणि आई नातीला म्हणाली, “वाजव की गं ते तुझं.” नातीने माझ्याकडे बघितलं. जिना चढून ये, म्हटलं. ती खरंच माडीवर जाऊन आली. भाचीने, “थांब, मी पण बसतो,” म्हणत तिच्या शेजारी मांडी ठोकली. (कोल्हापूरच्या पोरी ‘मी बसतो’च म्हणतात, हसू नका.) लेकीने भूप वाजवला, पाचच सूर, मी उन्हाळ्यात शिकवलेला. तिसऱ्या ओळीला मामा मोठ्यांदा “वा!” म्हणाला. ती दचकली. मग काकू म्हणाली, “आहाहा, परत घे ते.” मागे कुणी नारळाचे तुकडे चावत होतं, कुणी फोनवर बोलत होतं. बो सरळ झालेला मला दिसला.

रात्री अंथरुणात ती म्हणाली, “आई, ते मध्येच बोलतात ते बरं वाटतं. कळतं ना, कुणी रागावलं नाहीये.”

सात दिवसांत सकाळ-संध्याकाळ मिळून चौदा आरत्या आणि जवळजवळ तितक्याच वेळा तो भूप. शेवटी तर खिडकीशी गल्लीतली पोरं उभी राहत. एकदा ती मध्येच विसरली आणि पुढच्या भागावर गेली. माझ्याशिवाय कुणाला पत्ता नाही.

परतायच्या आदल्या दिवशी नाट्यगृहावरून गेलो. शाहू महाराजांनी 1915 मध्ये बांधलेलं ते थिएटर 8 ऑगस्ट 2024 ला जळलं, ऐन केशवराव भोसल्यांच्या जयंतीच्या आदल्या रात्री. मी ते जर्मनीत फोनवर बघितलं होतं, झोप लागली नव्हती. लेकीला म्हटलं, इथे मी अंतरा विसरले होते. तिने विचारलं, “मग आठवला?” त्याच रात्री भांडी विसळताना आठवला. तीस वर्षं उशिरा, पण अख्खा.

नोव्हेंबरमध्ये पुन्हा फोअरश्पील. आत जाताना लेक कानात म्हणाली, “तू वा म्हण. हळू.” ती वाजवायला लागली. मधला अवघड भाग नीट गेला आणि त्या मुलखावेगळ्या शांततेत मी जीव मुठीत धरून म्हणाले, “वा.”

पुढच्या खुर्चीतल्या आजीबाईंनी वळून माझ्याकडे बघितलं आणि कुजबुजल्या, “गेझुंडहाइट.” त्यांना वाटलं मला शिंक आली.