तीन ट्रे मिरची

आमचं घर सगळ्यात वरच्या मजल्यावर, जुळे सोलापुरात. एप्रिलमध्ये गच्चीवर सकाळी दहानंतर अनवाणी पाय ठेवता येत नाही, तिथं मिरचीचं बी टाकणं म्हणजे तव्यावर टाकणं. म्हणून मी घरात रोपं करायचं ठरवलं. मागच्या खोलीत एक लोखंडी रॅक होता. त्यावरची जुनी पुस्तकं आणि आईचे पापडाचे डबे हलवले, वरच्या फळीला २० वॅटच्या दोन एलईडी ट्यूब टांगल्या, कोकोपीटची वीट भिजवली आणि ९८ खणांचा नर्सरी ट्रे मधोमध कापून दोन केले. हिशोब असा होता : मिरचीचं रोप लावणीला यायला दीड महिना, मृग निघतो ७-८ जूनला, तेव्हा १४ एप्रिलच्या सुट्टीच्या दिवशी बी टाकायचं. मी शेतकऱ्याचा नातू आहे. मला वाटलं, यात काय अवघड आहे?

४९ खणांत ४९ बिया. बारा दिवसांत उगवली सतरा.

तेव्हा बियाणेवाल्याला मनातल्या मनात बरंच बोललो. खरं कारण आमचा स्लॅब. मिरचीचं बी २५ ते ३० अंशांत सुखानं उगवतं, पस्तिशीच्या पुढं ते हटून बसतं. आमच्या त्या खोलीत रात्री अकरा वाजता ३७ अंश दाखवत होतं. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उष्णता खाली सोडतो हे अंगाला रोज कळत होतं, पण बियांनाही तेच भोगावं लागतं हे डोक्यात आलं नाही.

जी सतरा उगवली ती चार दिवसांत बोटभर उंच झाली. मी खूश. बायकोला बोलावून दाखवली. ती म्हणाली, "एवढी बारीक कशी? शेवया वाटतायत." तिचं बरोबर होतं. ट्यूब मी दोन फूट वर टांगल्या होत्या. माणसाच्या डोळ्याला खोली लख्ख दिसते, पण रोपाला तो उजेड संध्याकाळसारखा, म्हणून ते मान ताणून वर जातं. देठ लांब, पांढरट, आणि टोकाला दोन पानं कशीबशी पेललेली. अशा रोपाला नंतर कितीही उजेड दिला तरी लांबलेला देठ काही आखूड होत नाही. पहिला ट्रे तिथंच संपला.

दुसरा ट्रे १ मेला. या वेळी ट्यूब रोपांच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर आणल्या, टायमर लावून पंधरा तास चालू ठेवल्या. उगवण्यासाठी ट्रे मागच्या खोलीत न ठेवता पुढच्या खोलीत कूलरच्या वाऱ्यापासून जरा बाजूला ठेवला आणि वर ओला सोलापुरी टॉवेल पसरला. आठ दिवसांत ४१ उगवली. टॉवेलचा मला आजही अभिमान आहे.

मग मी लाड सुरू केले. सकाळी फवारा, ऑफिसला निघताना फवारा, आल्यावर फवारा, झोपताना एक. खाली पाणी सांडून फळी गंजू नये म्हणून ट्रेखाली प्लास्टिक अंथरलं होतं, त्यामुळं निथळायला जागाच नव्हती. सहाव्या दिवशी सकाळी बघतो तर कोपऱ्यातली सात रोपं आडवी. पानं हिरवीगार, पण जमिनीलगत देठ तपकिरी होऊन चिमटीत धरून दाबल्यासारखा बारीक झालेला. दुसऱ्या दिवशी त्यांच्या शेजारची. तिसऱ्या दिवशी निम्मा ट्रे.

यालाच नर्सरीवाले मर म्हणतात, काही जण कोलमड. पिथियम, रायझोक्टोनिया असल्या बुरशी ओल्या, कोंदट, हवा न खेळणाऱ्या जागेत कोवळा देठ कुरतडतात. एकदा रोप आडवं पडलं की औषधानं उभं राहत नाही. औषध असतं ते न पडलेल्यांसाठी. मी उशिरा ट्रायकोडर्मा ही रोगाच्या बुरशीला आवरणारी बुरशी आणून तिची मुळाशी आळवणी केली, ती पडलेल्यांवरही केली, कारण जीव राहवेना. शेवटी चारच उभी राहिली आणि तीही इतकी केविलवाणी की मीच काढून टाकली.

एक गोष्ट मात्र तेव्हा माझ्या लक्षात यायला हवी होती, ती आली नाही. रोपांना कूलरचं पाणी घालणं याच ट्रेपासून सुरू झालं होतं.

त्याचं असं झालं. आमच्या भागात नळाला उजनी धरणाचं पाणी येतं, तेही चार-पाच दिवसांनी. ते बॅरलमध्ये भरून ठेवायचं, प्यायला-स्वयंपाकाला वापरायचं. बाकी सगळ्याला बोअर. पहिल्या ट्रेला मी बॅरलमधलं पाणी घालताना आईनं पाहिलं आणि म्हणाली, "उजनीचं पाणी मिरचीला? उजनी काय आपल्या बापाची हाय का?" तिनं ७२ चा दुष्काळ बघितलाय, तिच्यासमोर पाण्यावरून वाद घालायची आमच्या घरात कुणाची छाती नाही. तिनंच तोडगा काढला. कूलरच्या टाकीतलं पाणी डास होऊ नयेत म्हणून आम्ही दर तीन दिवसांनी काढतोच, ते मोरीत ओतण्यापेक्षा रोपांना घाल. मलाही ते फार पटलं. एकदा वापरलेलं पाणी पुन्हा वापरतोय, वर आईही खूश. हे मी ऑफिसमध्ये दोघा-तिघांना कौतुकानं सांगितलंसुद्धा.

तिसरा ट्रे १७ मेला टाकला. आता मी शहाणा झालो होतो. ट्रेखालचं प्लास्टिक काढलं, विटांवर ठेवला, छोटा टेबलफॅन मंद लावला, आणि वरचं कोकोपीट फिकं पडेपर्यंत पाणी नाही. एका ओळीत सात टोमॅटो, बाकी मिरची. ४४ उगवली, उजेड पुरेसा, देठ जाड, मर नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात खरी चार पानं आली आणि मी गच्चीवर कुंड्या मांडायला घेतल्या.

मग पानं पिवळी पडायला लागली. आधी नवी पानं. शिरा हिरव्या, मधला भाग पिवळट. त्याच वेळी खाली बियाची जी पहिली दोन लांबट पानं असतात, त्यांची टोकं करपली. मग खऱ्या पानांच्या कडा. दुपारी रोपं माना टाकायची आणि कोकोपीट तर ओलं. मला वाटलं भूक लागली असेल. एकोणीस-एकोणीस-एकोणीस हे पाण्यात विरघळणारं खत एक लिटरला एक ग्रॅम घातलं. दोन दिवसांत कडा आणखी करपल्या. कुणी म्हणालं मॅग्नेशियम कमी पडलंय, ते घातलं. खतांच्या दुकानदारानं फोटो बघून लोह कमी आहे असं सांगितलं. तो चुकला नव्हता, शिरा हिरव्या आणि मधे पिवळं हे लोहाचंच लक्षण. चिलेटेड लोह आणून तेही पाण्यातून दिलं. आठ दिवसांत मी चार पुड्या रिचवल्या. रोपं होती तिथंच, उलट कडांची तपकिरी रेघ रुंद होत चालली.

या सगळ्यात टोमॅटोची ओळ बरी होती. जरा मरगळलेली, पण करपलेली नाही. हे मी रोज बघत होतो आणि त्याचा अर्थ लावत नव्हतो.

खाली दुसऱ्या मजल्यावर अक्का राहतात. त्यांच्या यजमानांचे पूर्वी माग होते. घरात तेलुगू, आमच्याशी मराठी. त्यांच्या गॅलरीत रंगाच्या डब्यांत मिरची बारा महिने असते आणि माझ्यासारखा ट्यूब, टायमर, टेबलफॅन असा काही तामझाम नाही. मी ट्रे घेऊन खाली गेलो. त्यांनी एक पान उलटंपालटं करून पाहिलं आणि एवढंच विचारलं, "पाणी कुठलं घालता ओ?" मी म्हणालो, बोअरचंच, पण कूलरमधून निघालेलं. त्या म्हणाल्या, "मी तांदूळ धुतलेलं घालते. बोअरचं घातलं की पान वाजतं." पान वाजतं म्हणजे करपून कुरकुरीत होतं. मला वाटलं, तांदळाच्या पाण्यात काही पोषण असेल. म्हणजे उत्तर कानावर पडलं आणि मी भलताच अर्थ काढून वर आलो.

शेवटी एका रविवारी मोहोळच्या रस्त्यावरच्या एका नर्सरीत गेलो. तिथले काका साठीचे, डाळिंब आणि मिरचीची रोपं करणारे. त्यांनी ट्रे हातात घेतला आणि रोपांकडं बघितलंच नाही. खणांच्या कडेला पांढरी बुकटी साचली होती, मी ती बुरशी समजून रोज पुसत होतो. काकांनी ती बोटावर घेतली आणि जिभेला लावली.

"खारट हाय," म्हणाले. "मीठ खायला घालताय की ओ पोरांना."

मग त्यांनी सगळं विचारून घेतलं. कूलर म्हटल्यावर हसले. "कूलरमधनं वारा थंड कशानं होतो? पाणी उडून जातं म्हणून. मग उडतं काय आणि खाली राहतं काय?"

मला त्या क्षणी कूलरचं गवत आठवलं. उन्हाळा संपताना त्या गवतावर जो पांढरा, दगडासारखा थर बसतो, तो. दर वर्षी मी स्वतः तो झटकून बाहेर टाकतो. पाणी वाफ होऊन जातं, क्षार टाकीतच राहतात. आम्ही वरून पुन्हा बोअरचं पाणी भरतो, त्याचेही क्षार त्यात. तीन दिवस असं आटवलेलं पाणी मी प्रत्येक रोपाला मोजून घालत होतो. आणि त्यावर खतं. खतंही शेवटी क्षारच. खारट आमटीत मीठ टाकून चव सुधारते का बघत होतो म्हणा ना.

मुळांभोवती क्षार जास्त झाले की पाणी असूनही रोपाला ते ओढून घेता येत नाही, म्हणून ओल्या मातीत मान टाकणं. अशा जड पाण्यानं मुळांभोवतीचा सामू, म्हणजे पीएच, तोही वाढतो, आणि सामू वाढला की लोह मातीत असूनही मुळांच्या हाती लागत नाही, म्हणून नवी पानं पिवळी. दुकानदारानं सांगितलेलं लोह खरंच कमी पडत होतं, फक्त ते पुडीतून घालून भागणार नव्हतं. आणि टोमॅटो? क्षार सहन करण्यात टोमॅटो मिरचीपेक्षा दणकट. मातीतली क्षारता डेसिसायमन प्रतिमीटर या एककात मोजतात, ती मिरचीला साधारण १.५ च्या पुढं जाचायला लागते, टोमॅटो २.५ पर्यंत तग धरतो. ती एक ओळ मला दहा दिवस हेच सांगत होती.

येताना अडीचशे रुपयांचा टीडीएस मीटर घेतला, पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा, पेनासारखा असतो तो. घरी येऊन सगळी भांडी ओळीनं मांडली. बोअरचं पाणी ११४० पीपीएम, म्हणजे लिटरला साधारण तेवढे मिलिग्रॅम क्षार. कूलरच्या टाकीतलं २७६०. नळाचं ३८०. आरओचं ४५, आणि आरओचं जे वाया जाणारं पाणी मी पुढच्या आठवड्यात कुंड्यांना घालणार होतो, ते नळाच्या जवळपास दुप्पट. आई शेजारी उभी राहून आकडे बघत होती. काही बोलली नाही, पण आत जाऊन बॅरलवरचं झाकण तिनंच काढलं आणि म्हणाली, "किती लागतंय?"

दोन बादल्या लागल्या. काकांनी सांगितलं होतं तसं ट्रे मोरीत ठेवून नळाचं पाणी झारीनं हळूहळू जिरवलं, खालून भरपूर निथळू दिलं, अर्धा तास थांबलो, पुन्हा तेच. पहिल्यांदा खाली आलेलं पाणी २३०० च्या वर. तिसऱ्या खेपेला ७०० वर आलं तेव्हा थांबलो. ते खारट पाणीसुद्धा आईनं संडासात ओतण्यासाठी बादलीत धरून ठेवलं.

त्यानंतरचं काम सगळ्यात अवघड गेलं : आठ दिवस काही घालायचं नाही. खत नाही, औषध नाही. करपलेलं पान पुन्हा हिरवं होत नसतं, तेव्हा त्याच्याकडं बघायचंच नाही, मधला नवा शेंडा बघायचा, असं काकांनी दोनदा बजावलं होतं. मी दिवसातून दहा वेळा तो शेंडा बघायचो. सातव्या दिवशी नवं पान निघालं ते पूर्ण हिरवं, कडा शाबूत. पुढं पाणी तांदूळ-डाळ धुतलेलं, म्हणजे मुळात नळाचंच, हेच अक्का सांगत होत्या; कमी पडलं तर थेट नळाचं. दहा दिवसांनी खत पुन्हा सुरू केलं ते लिटरला अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदाच.

३७ मिरच्यांपैकी २६ वाचल्या. मृग गेला, आर्द्रा गेली. आठवडाभर शेडनेटखाली रोज तासभर जास्त असं ऊन दाखवून पुनर्वसूत त्या गच्चीवरच्या पिशव्यांमध्ये गेल्या. चार अक्कांना दिल्या. त्यांच्याकडच्या चार माझ्यापेक्षा आधी फुलल्या, ते सोडा.

तो मीटर आता फ्रिजवर असतो आणि आईच्या ताब्यात आहे. तिनं तो ताकात बुडवून पाहिलाय, चहात पाहिलाय, बायकोनं केलेल्या वरणात बुडवताना मात्र घरात जरा वादावादी झाली. यंदाच्या मेमध्ये आमच्या इमारतीला पहिला टँकर आला तेव्हा मी जिन्यातच होतो. ड्रायव्हर पाइप टाकीत सोडणार, इतक्यात वरून आई आली, पदर खोचलेला, एका हातात वाटी, दुसऱ्या हातात ते पेन.

"थांब रे बाबा," ती म्हणाली. "आधी या वाटीत ओत."