न्यूयॉर्कातला देवदूत आणि आमची जलदूत

ऑफिसच्या कामानं तीन आठवडे न्यूयॉर्कशेजारच्या जर्सी सिटीत होते, त्यात एकच रविवार पूर्ण मोकळा मिळाला. टीममधले सगळे आउटलेट मॉलला निघाले होते, मी सांगून टाकलं की मी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कला चालले, दिवसभर, एकटीच. एकटी कशाला म्हणून दोघांनी विचारलं. मला एकटीलाच जायचं होतं, कुणाच्या शॉपिंगचा टाइम सांभाळत नाही.

सकाळी उठून चार धपाटे केले, ज्वारीचं पीठ इथल्या इंडियन स्टोअरमध्ये मिळतं, आणि लातूरहून आणलेली शेंगदाण्याची चटणी तळाला गेली होती ती खरडून डब्यात घेतली. जर्नल स्क्वेअरवरून पाथ ट्रेननं ३३ व्या रस्त्यावर उतरले आणि तिथून वर चालत गेले. पार्क ५९ व्या रस्त्याला सुरू होतं ते थेट ११० व्यापर्यंत, लांबी चार किलोमीटर, रुंदी आठशे मीटरच्या आसपास. ८४३ एकर! एकरात सांगितलं की आपल्याला लगेच कळतं. माझ्या मामाचं रान सात एकर, म्हणजे तशी एकशेवीस रानं, आणि तीही अशा शहराच्या मधोमध जिथं एका खोलीचं भाडं ऐकून धडकी भरते.

आत शिरले की मोठमोठे खडक लागतात, आपल्या बसाल्टसारखे काळपट पण अभ्रकामुळं उन्हात चमकणारे, आणि त्यांच्यावर हिमनदी घासत गेल्याच्या रेघा अजून दिसतात. त्यातल्या एका खडकावर अर्धा तास नुसती बसून होते. ऑक्टोबरचा शेवट, गार वारं, झाडं पिवळी लाल. पुढं मोबाइलचं नेट गेलं तेव्हा बाकावरच्या एका आजोबांनी दिव्याच्या खांबावरचा नंबर बघायला शिकवलं, चार आकडे असतात, पहिले दोन म्हणजे जवळचा रस्ता. ७२ असेल तर तुम्ही ७२ व्या रस्त्याच्या रेषेत आहात. एकट्यानं फिरणाऱ्यानं हे ध्यानात ठेवावंच.

हे सगळं जंगल, तळी, ओढे मला आपोआप झालेले वाटले होते. तसं काहीच नाही. १८५८ मध्ये ओल्मस्टेड आणि व्हॉक्स या दोघांचा आराखडा स्पर्धेतून निवडला, मग सुरुंग लावून खडक फोडले, दलदल खणून तळी केली, माती बाहेरून आणून टाकली, झाडं लावली. आपल्याकडं शेततळं खणतात तसंच की, फक्त अफाट.

मग एल्मच्या झाडांच्या कमानीखालून चालत बेथेस्डा टेरेसला आले. पायऱ्या उतरून खाली कारंजं, आणि त्याच्यावर पंख पसरलेली ब्राँझची देवदूत, एका हातात कमळासारखं लिलीचं फूल आणि दुसरा हात खालच्या पाण्यावर आशीर्वादाला धरल्यासारखा. एमा स्टेबिन्स नावाच्या बाईनं केलेली मूर्ती, १८७३ साली बसवली. लोक फोटो काढत होते, मीपण काढला, आणि मग ही मूर्ती कशासाठी आहे ते वाचलं आणि तिथंच कठड्यावर बसले. शहरात चांगलं पाणी आलं त्याची ही मूर्ती! न्यूयॉर्कमध्ये विहिरींचं पाणी घाण झालं होतं, १८३२ मध्ये कॉलरा आला, १८३५ ला भर थंडीत मोठी आग लागली तर विझवायला पाणी मिळेना, मग क्रोटन नदीवर धरण बांधून ६६ किलोमीटरवरून नुसत्या उतारानं पाणी आणलं, ते १८४२ ला शहरात पोचलं. पंप नाही काही नाही. शाळेच्या सहलीत संभाजीनगरची पाणचक्की बघितली होती, तिथंही डोंगरातलं पाणी मातीच्या नळांतून असंच उतारानं येतं, तेव्हा सरांनी सांगितलेलं मी नीट ऐकलं नव्हतं, इथं बसून सगळं आठवलं.

आणि आठवली आमची रेल्वे, लातूरला पाणी घेऊन येणारी जलदूत. २०१६ ला मी बारावीत. लातूरला पाणी देणारं मांजरा धरण कोरडं, नळ बंद, हॉस्टेलच्या पोरी गावाकडं परत गेलेल्या, पाण्यावरून भांडणं होतील म्हणून शहरात १४४ कलम लावलेलं. मी आणि आई पहाटे चारला घागरी घेऊन टँकरच्या रांगेत. १२ एप्रिलला मिरजेहून पहिली जलदूत आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पप्पा स्टेशनवर बघायला गेले होते, घरी आले तर डोळे लाल.

आईला व्हिडिओ कॉल लावला, तिकडं रात्रीचे साडेनऊ झाले होते.

"काय करलालीस गं? जेवलीस का?"

मूर्ती दाखवली, म्हणलं आई, लांबून पाणी आणलं म्हणून हिला बसवलंय. आई बराच वेळ स्क्रीनकडं बघत राहिली. मग म्हणाली, "हात जोड मग." मी जोडले. आजूबाजूला शंभर तरी माणसं असतील, मला काहीच वाटलं नाही.

तिथून वर मोठ्या रिझर्व्हॉयरला गेले, १०६ एकरांचं पाणी, कडेनं अडीच किलोमीटरची पळायची वाट. क्रोटनचंच पाणी साठवायला बांधलेलं, १९९३ पासून पुरवठ्यात वापरत नाहीत पण भरलेलं आहे. शंभर कोटी गॅलन. मोबाइलवर हिशोब केला, पहिल्या जलदूतसारख्या साडेसात हजार गाड्या. पूर्ण फेरी मारली, मध्ये कुठं थांबावंसंच वाटलं नाही.

दमून पश्चिमेच्या बाजूला ८५ व्या रस्त्याजवळ डबा उघडला. तिथं माहितीचे बोर्ड आहेत. या जागेवर सेनेका व्हिलेज नावाची वस्ती होती, १८२५ पासून काळ्या लोकांनी जमिनी विकत घेऊन वसवलेली, पुढं आयरिश कुटुंबंपण आली, सव्वादोनशेच्या आसपास माणसं, तीन चर्च, शाळा. त्या काळी काळ्या माणसाला मत द्यायला २५० डॉलरची मालमत्ता लागायची, म्हणून ती जमीन म्हणजे नुसतं घर नव्हतं. पार्कसाठी जमीन सरकारनं घेतली, मोबदला दिला, १८५७ पर्यंत सगळ्यांना उठवलं. दीडशे वर्षं फार कुणाला ठावं नव्हतं, २०११ ला खोदकाम झालं. आता वर गवत आहे, लहान पोरं बॉल खेळत होती.

धपाट्याचा घास तसाच राहिला. माझ्या आज्जीचं माहेर मांजरा धरणात गेलंय. लातूरला ज्या पाण्यानं जगवलं त्याच पाण्याखाली. आज्जी कधी त्याबद्दल बोलायची नाही, नवीन गावठाणात भाऊ राहायला गेले तरी ती त्याला माहेर म्हणायची नाही. आणि २०१६ ला धरण आटलं तेव्हा जुनं गाव वर आलं. आम्ही रांगेत उभं राहायलो होतो त्याच आठवड्यात आज्जीनं मामाला जीप काढायला लावली. भेगाळलेल्या गाळातून चालत गेली, मी हात धरला होता. भिंती नव्हत्या, पण जोत्याचे दगड होते, उंबऱ्याची जागा कळत होती. ती चपला काढून आत गेली आणि एका कोपऱ्यात खाली बसली. इथं चूल होती म्हणाली. तिच्या आईची.

मी विचारलं, आज्जी एखादा दगड घरी न्यायचा का. नको म्हणाली. मग आभाळाकडं बघून म्हणाली, "पाऊस येऊ दे बाई. बुडालं तर बुडालं." त्याच वर्षी पावसाळा सरता सरता धरण भरलं.

अंधार पडायला लागला तेव्हा उठले. खांबावरचा नंबर बघून वाट धरली.