कोपर मोडलं की आधी बोटं बघा

काजूचा सीझन म्हटला की आमच्या फोंड्याकडे एखादं तरी पोर बोंडू काढायला चढतं आणि हात टेकून आपटतं, यंदा ताईच्या मुलाचा नंबर लागला. बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात नेलं, एक्सरे झाला, सुप्राकॉन्डायलर फ्रॅक्चर निघालं. म्हणजे दंडाचं हाड कोपराच्या जरा वर मोडतं, तिथं ते पातळ असतं ना, म्हणून ५ ते ७ वर्षांच्या पोरांत हेच जास्त.

ताईचं एकच, ऑपरेशन नको हो, प्लास्टरच घाला. पण ते आपल्या मर्जीवर नसतं, हाड किती सरकलंय त्यावर असतं. जागेवर असेल तर टाइप १, साधारण ३ आठवडे प्लास्टर, विषय संपला. मागची कड जोडलेली पण हाड वाकलेलं, तो टाइप २, तिथं डॉक्टर बघून ठरवतात. पूर्ण सुटलेलं म्हणजे टाइप ३, आमचा तोच. भूल देऊन, सी-आर्मवर (तिथल्या तिथे एक्सरे दाखवणारं मशीन) बघत हाड जागेवर बसवतात आणि कातडीतून के-वायर्स, म्हणजे स्टीलच्या बारीक तारा घालतात, बहुतेक वेळा कापावंही लागत नाही. टोकं बाहेरच ठेवतात, ३-४ आठवड्यांनी ओपीडीत पकडीने ओढून काढायची, भूल नाही काही नाही. काढताना पोरगा "झालं?" म्हणाला आणि भावजीच मटकन खाली बसले.

मला विचाराल तर वायरपेक्षा सुजेला घाबरा. हाताची मोठी रक्तवाहिनी कोपराच्या पुढूनच जाते, म्हणून तर डॉक्टर आधी नाडी बघतात आणि अंगठा-तर्जनी जोडून गोल करायला लावतात, बोटं हलवणारी नस (मज्जातंतू) चालतेय का ते त्यात कळतं. सूज वाढणार म्हणून सुरुवातीला गोल प्लास्टर न घालता अर्धी स्लॅब, म्हणजे एकाच बाजूनं प्लास्टरची पट्टी बांधतात. घरी हात उशीवर उंच ठेवायचा. बोटं पांढरी, निळी किंवा गार पडली, औषध देऊनही दुखणं वाढतंय, बोट सरळ केलं की पोर किंचाळतंय, तर सकाळची वाट बघायची नाही, रात्री २ वाजले असले तरी १०८ लावा.

प्लास्टर निघाल्यावर हात सरळ होईना म्हणून आई खोबरेल तेल गरम करून तयार! कोपराला मालीश अजिबात नाही, चोळून-ओढून तिथं नको ते हाड वाढतं आणि सांधा अजून आखडतो. पोरं खेळता खेळताच हात सोडवतात, काही महिने लागतात. ते तेल आता बाबांच्या गुडघ्यांना लागतंय.