काजव्यांचा स्टॅक: लाल ठिपके गेले, झाड मात्र अडलंय

भंडारदऱ्याला काढलेल्या माझ्या काजव्यांच्या फोटोत, म्हणजे अनेक फ्रेम एकावर एक रचून केलेल्या स्टॅकमध्ये, बांधावर दिसणारे काही ठिपके काजव्यांचे नसावेत, अशी शंका आमच्या फोटोग्राफीच्या गटात निघाली होती. ती खरी ठरली. ते हॉट पिक्सेल आहेत, म्हणजे उजेड नसतानाही उजळ दिसणारे सेन्सरचे सदोष बिंदू. काजव्याचा उजेड पिवळट हिरवा असतो, त्यामुळे लाल आणि निळे ठिपके लगेच पकडले गेले. खरी फसवणूक करतात ते हिरवे. सेन्सरवरचे निम्मे पिक्सेल हिरव्या फिल्टरखाली असतात, म्हणजे निम्मे हॉट पिक्सेलही हिरवेच निघतात. ओळखायची खूण अशी: १०० टक्के क्रॉपमध्ये (पूर्ण आकारात पाहिलेल्या फोटोच्या तुकड्यात) काजवा काही पिक्सेलभर पसरलेला, कडेला विरत गेलेला दिसतो. हॉट पिक्सेल अधिक चिन्हासारखा टोकदार असतो आणि प्रत्येक फ्रेममध्ये त्याच जागी सापडतो.

१५ सेकंदांच्या १२० फ्रेम, एफ/२.८, आयएसओ १६००, सगळ्या लाइटन मोडमध्ये एकावर एक. लाइटन प्रत्येक जागेचा सर्वांत उजळ पिक्सेल ठेवतो. त्यात काजवे जमा होतात, तसा नॉइजही, म्हणजे सेन्सरची खरखर, जमा होतो. सरासरी काढली की नॉइज घटतो. कमाल मूल्य घेतलं की उलट, १२० फ्रेममध्ये तो मूळ पातळीच्या सुमारे अडीच सिग्मा (नॉइजच्या नेहमीच्या चढउताराच्या अडीच पट) वर सरकतो. अंधारातली झाडी राखाडी आणि खरखरीत दिसते ती याचमुळे. त्यावर नॉइज रिडक्शन मारलं की लांबचे बारीक काजवे पुसले जातात.

कॅमेऱ्यातलं लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन इथे नको. १५ सेकंदांच्या फ्रेममागे तो आणखी १५ सेकंद डार्क, म्हणजे उजेड न येऊ देता काढलेली फ्रेम, घेत बसतो आणि ऐन भरातला निम्मा वेळ वाया जातो. त्यापेक्षा शेवटी लेन्सला झाकण लावून, व्ह्यूफाइंडर झाकून, त्याच आयएसओला आणि त्याच शटरला १५-२० डार्क घ्याव्यात. तापमान जुळणं महत्त्वाचं. ६ ते ८ अंश वाढले की डार्क करंट, म्हणजे उजेडाशिवाय सेन्सरमध्ये साठणारा सिग्नल, जवळपास दुप्पट होतो. जागेवरच्या डार्क नसतील तर तेवढ्याच तापमानाच्या खोलीत काढता येतात. फक्त सलग चालवून कॅमेरा आतून तापू द्यायचा आणि सुरुवातीच्या फ्रेम टाकून द्यायच्या.

डार्क वजा करायची ती रॉवरच, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलवर. डीमोझाइक (रॉमधल्या एकरंगी पिक्सेलांतून पूर्ण रंग बनवणं) झालं की हॉट पिक्सेल शेजारच्या पिक्सेलमध्ये मिसळतो आणि मग वजाबाकीनंतर भोवती रंगीत कडं उरतं. म्हणून स्टारस्टॅक्स या स्टॅकिंग प्रोग्रॅममध्ये टिफ फाइलवर डार्क वजा करण्यापेक्षा रॉथेरपी किंवा सिरिल हे प्रोग्रॅम कितीतरी बरे, आणि दोन्ही फुकट आहेत. रॉथेरपीतला हॉट पिक्सेल फिल्टर मात्र बंदच ठेवा. लांबचा काजवा एका पिक्सेलएवढा असला तर तो त्यालाही खातो.

एवढ्याने बांध स्वच्छ झाला! उरलेल्या खरखरीसाठी दुसरी पायरी: त्याच फ्रेमचा मीडियन स्टॅक, म्हणजे प्रत्येक जागी सगळ्या फ्रेममधलं मधलं मूल्य. उडता काजवा एका जागी एखाद्याच फ्रेममध्ये उजळतो, त्यामुळे मीडियनमध्ये तो नाहीसा होतो आणि गुळगुळीत पार्श्वभूमी मिळते. कमाल (लाइटन) स्टॅकमधून मीडियन वजा केला की उरतात काजवे आणि थोडा नॉइज. लेव्हल्समध्ये काळा बिंदू वर ओढून (एका पातळीखालचं सगळं काळं करून) तो नॉइज कापायचा आणि काजव्यांचा थर मीडियनवर स्क्रीन मोडमध्ये (दोन थरांचा उजेड मिसळणाऱ्या) ठेवायचा. २४ मेगापिक्सेलची १६ बिट टिफ १४४ एमबी होते, १२० म्हणजे १७ जीबी, एकदम उघडायला जड. कमाल स्टॅक २०-२० च्या गठ्ठ्यांत केला तरी उत्तर तंतोतंत तेच येतं. मीडियनचं तसं नाही. तिथे प्रत्येक चौथी फ्रेम घेऊन ३० फ्रेमचा एकच स्टॅक करावा.

घोडं अडलंय ते झाडावर. झाडावरचे काजवे पानावर बसून त्याच जागी पुन्हा पुन्हा लुकलुकतात. १५ सेकंदांत प्रत्येकाचा उजेड येतोच, मग मीडियन त्यांना पार्श्वभूमी समजतो आणि वजाबाकीत नेमकं सगळ्यांत भरलेलं झाड काळं पडतं. एक्स्पोजर ५ सेकंदांवर आणूनही उपयोग नाही, लुकलुक त्याहून वेगवान आहे. झाडापुरता मास्क लावून (फक्त तेवढा भाग निवडून) तिथे डार्क वजा केलेला लाइटन स्टॅक वापरला, तर मास्कच्या कडेला खरखर एकदम बदललेली दिसते.

लिहिता लिहिता सुचलं ते असं: मीडियनऐवजी तळाला संधिप्रकाशातली फ्रेम. सूर्यास्तानंतर ३०-४० मिनिटांनी, ट्रायपॉड न हलवता, आयएसओ १०० वर काढलेली आणि २-३ स्टॉप खाली आणलेली (दर स्टॉपला उजेड निम्मा). लाइटन स्टॅकचा काळा बिंदू वर ओढून तो त्यावर ठेवायचा. वाऱ्याने पानं हलतात, पण झाडाच्या आकृतीला त्याने फरक पडू नये. मीडियन फक्त बांधाला आणि शेताला.

इंटर्व्हलबद्दल, म्हणजे किती सेकंदांनी पुढची फ्रेम घ्यायची याबद्दल, गटात विचारणा होती. बहुतेक कॅमेऱ्यांत १५ सेकंद म्हणजे प्रत्यक्षात १६ असतात. इंटर्व्हल सुरुवातीपासून सुरुवातीपर्यंत मोजणाऱ्या कॅमेऱ्यात १७ ठेवा. १५ ठेवला तर एकाआड एक फ्रेम गळते. स्वस्त रिमोटच्या सैल पिनपेक्षा कॅमेऱ्यातलाच टायमर भरवशाचा.

‘काजवे कमी दिसतात’ या गटातल्या टीकेचं कारण बरंचसं जेपेगमध्ये आहे. ४:२:० सबसॅम्पलिंग (जागा वाचवायला रंगाची माहिती कमी ठेवणं) बारीक ठिपक्यांचा रंग पुसतं. जिंप या फोटो प्रोग्रॅममध्ये एक्सपोर्ट करताना ४:४:४ (रंग पूर्ण ठेवणारा पर्याय) निवडा, एसआरजीबी (वेबचा नेहमीचा रंगसंच) ठेवा आणि २०४८ पिक्सेलवर आणल्यानंतर थोडं शार्पनिंग द्या, आधी नको.

पुढच्या वेळी टीकेसाठी तीन गोष्टी एकत्र टाकतो: पूर्ण स्टॅक, त्यातली एकच मूळ फ्रेम आणि झाडाचा १०० टक्के क्रॉप. फ्रेमची संख्या आणि एकूण वेळ मथळ्यातच असेल, कारण अर्ध्या तासातले काजवे एका क्षणाचे म्हणून दाखवणं मला पटत नाही.