पेस्ट तर झालं, पण सुटं होईना

एका पुस्तकाच्या लेआउटमध्ये ४० आयकॉन घालायचे होते. सगळे इलस्ट्रेटरमध्ये (अडोबीचं चित्रं काढायचं सॉफ्टवेअर) काढलेले, सपाट, दोन रंगांचे, काही भानगड नाही. म्हटलं पाच मिनिटांचं काम, कॉपी केलं, इनडिझाइनमध्ये (त्यांचंच पानं मांडायचं सॉफ्टवेअर) येऊन पेस्ट केलं, आणि आलं की, दिसायला अगदी हुबेहूब. मग रंग बदलायला गेलो तर काही हलेचना. डायरेक्ट सिलेक्शन टूल घेऊन टिचक्या मारतोय, एक अँकर पॉइंट (रेषेला आकार देणारा ठिपका) दिसेल तर शपथ, नुसती चौकोनी फ्रेम आणि आत एक ठोकळा. अनग्रुप करायला गेलो तर तेही होईना.

झालं असं होतं की इलस्ट्रेटर कॉपी करताना क्लिपबोर्डवर एकच गोष्ट ठेवत नाही, तेच चित्र वेगवेगळ्या फॉरमॅटमध्ये ठेवतो आणि त्यातलं कुठलं उचलायचं ते समोरचं सॉफ्टवेअर ठरवतं. पीडीएफ उचललं की बंद पाकीट येतं, आतलं दिसतं पण हात लावता येत नाही. एआयसीबी नावाचा दुसरा फॉरमॅट उचलला की खरेखुरे पाथ, म्हणजे बदलता येणाऱ्या रेषा, येतात. म्हणजे सेटिंग दोन्हीकडे बघावं लागतं, एकीकडे बघून उपयोग नाही. इलस्ट्रेटरच्या प्रेफरन्सेसमध्ये क्लिपबोर्ड हँडलिंगमध्ये (जुन्या व्हर्जनमध्ये फाइल हँडलिंग अँड क्लिपबोर्ड) एआयसीबीवर टिक करायची, त्याखाली प्रिझर्व्ह पाथ्स निवडायचं, आणि इनडिझाइनच्या प्रेफरन्सेसमध्ये क्लिपबोर्ड हँडलिंगला जाऊन 'प्रेफर पीडीएफ व्हेन पेस्टिंग'ची टिक काढायची. आणि हो, इलस्ट्रेटरचं सेटिंग बदललं की परत एकदा कॉपी करा!! मी सेटिंग बदलून आधीचंच कॉपी केलेलं पेस्ट करत बसलो आणि मग म्हणत होतो की हे चालत का नाही.

आता हे सगळं कशासाठी, तर रंगांसाठी. पाथ आले की ते इनडिझाइनचेच ऑब्जेक्ट होतात, मग तिथलेच स्वॉच (नाव देऊन ठेवलेले रंग) लावायचे, आणि पुढे कोणी म्हणालं की निळा जरा गडद करा, तर एक स्वॉच बदलला की ४०च्या ४० आयकॉन बदलतात. फक्त पेस्ट झाल्या झाल्या बऱ्याचदा रंग बिननावाचे असतात, स्वॉचेस पॅनलच्या मेनूमधलं 'अ‍ॅड अननेम्ड कलर्स' दाबलं की यादीत येतात. आणि कॉपी करायच्या आधी इलस्ट्रेटरची फाइल आरजीबीत (स्क्रीनचे रंग) आहे की सीएमवायकेत (छपाईचे रंग) ते बघून घ्या, नाहीतर छपाईच्या डॉक्युमेंटमध्ये आरजीबी स्वॉच घुसतात आणि ते शेवटच्या दिवशीच लक्षात येतं.

पण एआयसीबीला ट्रान्सपरन्सी, म्हणजे पारदर्शकपणा, कळत नाही. ५०% ओपॅसिटीची सावली प्रिझर्व्ह पाथ्सने आणली की ठणठणीत भरीव होऊन येते, मग इनडिझाइनच्या इफेक्ट्स पॅनलमधून परत पातळ करायची. ब्रशने काढलेल्या रेषांसाठी मी आधी इलस्ट्रेटरमध्ये एक्सपांड अपिअरन्स करतो, म्हणजे ब्रशच्या रेषेचे साधे आकार करून घेतो (कॉपी फाइलवर, मूळ फाइलवर नाही, हे मी रडून शिकलोय). ब्लर, ग्रेडियंट मेश (जाळीवर मिसळलेले रंग) वगैरे असेल तर नादच सोडा. चित्रातली अक्षरं एकतर आउटलाइन करून (अक्षरांचे आकार बनवून) आणायची किंवा सरळ इनडिझाइनमध्ये परत टाइप करायची. आणि आयकॉन लहानमोठा करताना रेषेची जाडी त्याच प्रमाणात बदलतेय का बघा, ट्रान्सफॉर्म पॅनलच्या मेनूत त्याची टिक आहे.

खरं सांगायचं तर मोठी, गुंतागुंतीची चित्रं मी पेस्ट करतच नाही. प्लेस करतो, म्हणजे फाइलच पानावर आणतो, मूळ फाइलशी लिंक राहते, दुरुस्ती आली की एडिट ओरिजिनल, इलस्ट्रेटरमध्ये बदल, सेव्ह, लिंक अपडेट. पेस्ट केलेल्या पाथना लिंकच नसते, त्यामुळे मूळ फाइल बदलली तरी पानावर जुनंच राहणार. प्लेससाठी एआय फाइल सेव्ह करताना 'क्रिएट पीडीएफ कम्पॅटिबल फाइल' चालू ठेवा, कारण इनडिझाइन त्या फाइलमधलं पीडीएफच वाचतं, ते नसलं तर चित्राच्या जागी इंग्रजीत एक सूचना छापलेली दिसते.

इंकस्केप (चित्रांसाठी) आणि स्क्रायबस (पानांसाठी) ही फुकट सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांचं या बाबतीत बरंय. इंकस्केपमध्ये चित्र एसव्हीजी फॉरमॅटमध्ये सेव्ह करायचं आणि स्क्रायबसमध्ये फाइल, इम्पोर्ट, गेट व्हेक्टर फाइल, की पाथ थेट हातात. इंकस्केपमधला ब्लर तिथंही येत नाही, आणि रंग 'फ्रॉमएसव्हीजी' अशा लांबलचक नावांनी येतात, ते बदलून घ्यायचे. जुन्या फाइल असतील तर माप मात्र तपासा, इंकस्केप ०.९२ च्या आधी एका इंचाला ९० पिक्सेल धरायचं, ०.९२ पासून ९६ धरतं, त्यामुळे माप पिक्सेलमध्ये असेल तर १०० मिमीचं चित्र ९३.७५ मिमीचं होऊन बसतं आणि डोळ्याला पटकन कळत नाही.

माझे ४० आयकॉन शेवटी बसले, ३ सोडून. त्या तिघांना सावल्या होत्या, ते गुपचूप प्लेस केले.