बॉस्टनच का, ते एकदा सांगते

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते, आणि सगळं लिहिते, म्हणजे पुन्हा विचारायला नको.

विगन हा इथला, इंग्लंडमधला रग्बी लीगचा क्लब. त्याच्या आजवरच्या थोर खेळाडूंचा विषय निघाला की मी पहिलं नाव बिली बॉस्टनचं घेते. मग इथला कोणीतरी जुना प्रेक्षक विचारतो, तू त्याला खेळताना पाहिलंस तरी का? नाही पाहिलं. त्याने विगन सोडलं १९६८ साली, माझा जन्म त्यानंतरचा. पण मी कोल्हापूरची आहे. आमच्याकडे पेठेच्या फुटबॉल संघातला आजोबांच्या काळचा खेळाडू नातवंडांनाही आपलाच वाटतो. न पाहिलेल्या माणसावर जीव लावायला मी तिथे शिकले, त्यासाठी मला इथे कोणाची परवानगी नको.

दुसरा प्रश्न आपल्या मराठी मंडळींचा. ‘तो काळा, म्हणून ना गं?’ हा जास्त लागतो.

पूर्वी मी याला आकड्यांनी उत्तर द्यायचे. विगनसाठी ४८८ सामने, ४७८ ट्राय (चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे टेकवला की ट्राय). एकाच सामन्यात सात ट्राय, तेही दोनदा. यात रंग कुठे आला, असं विचारून मी विषय संपवायचे. आकडे खरेच आहेत आणि आजही त्यांच्यावर माझा विश्वास आहे. पण तेव्हाच्या मला आज सांगावंसं वाटतं, बाई, आकडेच बघायचे तर विगनच्याच शॉन एडवर्ड्सकडे चॅलेंज कप या रग्बी लीगच्या मानाच्या चषकाची नऊ विजेतेपदं आहेत. मग त्याचं नाव का नाही घेत पहिलं?

घेत नाही, कारण माझं मन १९५३ च्या मार्चमधल्या एका घरात अडकलंय. कार्डिफच्या गोदीजवळची टायगर बे ही वस्ती. वडील सिएरा लिओनचे, आई आयरिश वंशाची, मुलगा अठरा वर्षांचा. त्याला कार्डिफसाठी आणि वेल्ससाठी खेळायचं होतं, पंधरा जणांचं रग्बी, युनियनचं; विगनचं ते तेरा जणांचं, लीगचं. कार्डिफ क्लबचं बोलावणं काही आलं नव्हतं. आली ती विगनची माणसं. त्यांनी टेबलावर पाच-पाच पौंडांच्या नोटांत हजार पौंड मांडले. नाही म्हटल्यावर दीड हजार. मुलाला जायचं नव्हतं, आईलाही त्याला पाठवायचं नव्हतं. आता यांना घालवायचं कसं, म्हणून तिने तोंडाला येईल तो आकडा सांगितला, तीन हजार द्या. ते हो म्हणाले.

ही हकिकत बॉस्टनने स्वतः अनेकदा सांगितली आहे. मी ती वाचते तेव्हा दर वेळी त्या माउलीपाशी थांबते. नकार द्यायचा म्हणून तिने किंमत सांगितली आणि समोरच्यांनी ती कबूल केली. दिलेल्या शब्दातून मागे कसं यायचं? मुलाने सही केली. त्या काळी लीगचे पैसे एकदा घेतले की युनियनचं दार कायमचं बंद. वेल्सचा लाल जर्सी त्या टेबलावरच संपला. पुढे १९५४ च्या ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड दौऱ्यावर ब्रिटनसाठी त्याने ३६ ट्राय केले, विक्रम केला. पण १९५७ चा वर्ल्ड कप आटोपून परतताना संघ दक्षिण आफ्रिकेत प्रदर्शनी सामने खेळला, आणि वर्णभेदामुळे बॉस्टन एकटा घरी आला. त्याच्यावाचून बाकीचे खेळले कसे, हे मला अजून कळलेलं नाही.

तर हो, रंगाचा संबंध आहे. एवढं म्हटलं की तुम्ही म्हणाल, बघ, आलीस ना कबुलीवर! थांबा. जिम सलिव्हनही कार्डिफचाच, तोही १९२१ मध्ये सतराव्या वर्षी विगनला आला, आणि युनियनचं दार त्यालाही बंद झालं. जुने लोक त्याला बॉस्टनच्या वर ठेवतात, तेव्हा माझ्याकडे चोख उत्तर नसतं. ७७४ सामने काय थोडे झाले? एवढंच म्हणते की सलिव्हनला कार्डिफने आधी आपलं म्हटलं होतं. तो मिळालेलं सोडून आला. बॉस्टनला जे कधी मिळालंच नाही, तेच सोडून यावं लागलं. यावरून खेळाडू मोठा ठरतो का? कदाचित नाही ठरत. मला ठरतो.

२०२५ च्या जूनमध्ये बॉस्टनला ‘सर’ किताब मिळाला. रग्बी लीगच्या १३० वर्षांत हा मान मिळवणारा तो पहिलाच खेळाडू, वय नव्वद. तुम्ही मला अभिनंदनाचे निरोप पाठवलेत, प्रेमाने पाठवलेत. मला आनंद झाला आणि त्याच्या दुप्पट राग आला. स्मृतिभ्रंशाने गाठल्यावर कशाला सुचलं हे? तो चाळिशीत असताना का नाही सुचलं, ते विचारा ना कोणाला तरी. मला सारखं विचारता, तसं.