खुर्ची एफ-१२ आणि शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट

मुंबईतल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टची वाटणी बहुतेक वेळा पहिल्याच बैठकीत होऊन जाते. चौघांचा ग्रुप असेल तर एक स्क्रीन करणार, एक बॅकएंड (सर्व्हरवरचा कोड), एक डेटाबेस, आणि उरलेला ब्लॅक बुक, म्हणजे प्रोजेक्टचा अहवाल. मग कोणी डोंबिवलीत, कोणी वसईत बसून आपापला तुकडा लिहितो, आणि एक्स्टर्नल (बाहेरचे परीक्षक) यायच्या आठवड्यात चारही तुकडे जोडायला घेतले जातात. एकाने तारीख मजकूर म्हणून पाठवलेली असते, दुसऱ्याला आकडा हवा असतो. मोठी सिस्टीम बांधणं म्हणजे मुख्यतः हे सांधे जुळवणं, आणि नेमकं तेच शिकायला वेळ उरत नाही.

म्हणून जोडणी पहिल्याच आठवड्यात करा. समजा, नाटकाच्या तिकिटांचं बुकिंग करायचं आहे. दादरचं शिवाजी मंदिर, रविवार दुपारचा प्रयोग. पहिल्या आठवड्यात फक्त एक प्रयोग आणि एक खुर्ची घ्या. स्क्रीन ओबडधोबड चालेल, पण बटण दाबल्यावर मागणी सर्व्हरवर गेली पाहिजे, डेटाबेसमध्ये नोंद पडली पाहिजे, तिकीट क्रमांक परत आला पाहिजे, आणि हे सगळं कोणाच्या लॅपटॉपवर नव्हे, वेगळ्या मशीनवर चाललं पाहिजे. त्यानंतर बाकीच्या खुर्च्या, पैसे, तिकीट रद्द करणं. यातलं प्रत्येक काम एकाने स्क्रीनपासून टेबलापर्यंत पूर्ण करायचं. माणसांमधलं बोलणं जसं विभागलेलं असतं तशीच सिस्टीमची रचना होते, हे अमेरिकन संगणकतज्ज्ञ मेल्विन कॉन्वे यांनी १९६८ सालीच लिहून ठेवलंय.

सांध्यांवर काय ठरलं ते एका पानावर लिहा: कोणती फील्ड, कोणता प्रकार, चूक झाली तर उत्तर काय. रक्कम पूर्ण संख्येत ठेवा, रुपयांत नव्हे तर पैशांत. २५० रुपये म्हणजे २५००० पैसे. दशांश फ्लोटमध्ये (अपूर्णांक अंदाजे साठवणाऱ्या प्रकारात) ठेवले की बेरजा किंचित चुकतात. वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) साठवा, पण दिवसाचा हिशेब भारतीय वेळेने काढा. सोमवारी पहाटे २ वाजताचं बुकिंग यूटीसीत रविवारी रात्री ८.३० ला पडतं आणि गल्ला जुळत नाही.

आता खुर्ची. कोड साधारण असा असतो: एफ-१२ रिकामी आहे का ते पाहा, असेल तर नोंद करा. लॅपटॉपवर एकट्याने कितीही वेळा तपासा, बरोबर चालतो. पण पाहणं आणि लिहिणं यांच्यात काही मिलिसेकंद जातात. तेवढ्यात दुसऱ्याने पाहिलं तर त्यालाही ती रिकामीच दिसते, आणि एका खुर्चीवर दोन कुटुंबं येऊन उभी राहतात. कोडमध्ये आणखी एक ‘इफ’ घालून हे सुटत नाही. प्रयोग आणि खुर्ची या जोडीवर डेटाबेसमध्येच युनिक बंधन घाला, म्हणजे तीच जोडी दोनदा नोंदवता येणार नाही. दुसरी नोंद डेटाबेस स्वतः नाकारेल. ती चूक पकडून ‘ही खुर्ची नुकतीच गेली’ असं सांगा. मग के६ किंवा लोकस्ट या कृत्रिम गर्दी पाठवणाऱ्या साधनाने एफ-१२ साठी एकाच वेळी ५० मागण्या पाठवा. एकच यशस्वी आणि ४९ नकार, एवढंच उत्तर मान्य.

पैसे भरायला १० मिनिटं द्यायची असतील तर ती राखीव नोंदही त्याच टेबलात, मुदतीच्या वेळेसह ठेवा. मुदत संपलेली खुर्ची दुसऱ्याला देताना ‘मुदत उलटली असेल तरच’ ही अट अपडेटमध्येच घाला आणि किती ओळी बदलल्या ते पाहा: १ आली तर मिळाली, ० आली तर नाही. घड्याळ डेटाबेसचं धरा, फोनचं नाही. पैसे अकराव्या मिनिटाला आले तर? खुर्ची अजून मोकळी असेल तर द्यायची, नाहीतर परतावा. हे आधीच ठरवून लिहा. पेमेंट गेटवेला तुमचं उत्तर मिळालं नाही तर तो तोच निरोप पुन्हा पाठवतो, म्हणून पेमेंट क्रमांकावरही युनिक बंधन हवं. लोकलमध्ये नेटवर्क गेलं की माणूस बटण पुन्हा दाबतोच. प्रत्येक मागणीला फोनवरच एक क्रमांक द्या. तोच क्रमांक परत आला तर जुनंच उत्तर पाठवा.

गर्दीत पुढची अडचण कनेक्शनची. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये मुळात १०० कनेक्शनची मर्यादा असते. सर्व्हरच्या ६ प्रती आणि प्रत्येकीचा पूल (उघडी ठेवलेली कनेक्शन) २० चा, म्हणजे १२०. मर्यादा वाढवायचा मोह होतो, पण तिथे प्रत्येक कनेक्शनमागे एक स्वतंत्र प्रोसेस आणि तिची मेमरी असते. पूल १० वर आणा, ट्रान्झॅक्शन (एकत्र पूर्ण किंवा रद्द होणारे डेटाबेसमधले बदल) लहान ठेवा, आणि ट्रान्झॅक्शन उघडी असताना पेमेंट गेटवेच्या उत्तराची वाट कधीच पाहू नका.

चौघांच्या ग्रुपने मायक्रोसर्व्हिसेसच्या, म्हणजे एकच सिस्टीम अनेक स्वतंत्र छोट्या सेवांत तोडण्याच्या, मागे लागू नये, असं माझं ठाम मत आहे. एकच प्रोग्रॅम ठेवा, आतले भाग स्वच्छ वेगळे ठेवा. एकमेकांवर अवलंबून असलेल्या तीन सेवा प्रत्येकी ९९.९ टक्के वेळ चालत असतील, तर मिळून ९९.७ टक्केच चालतात. वर्षाला पावणेनऊ तासांच्या जागी सुमारे २६ तास बंद.

गिटमधली (कोडमधले बदल सांभाळणाऱ्या साधनातली) ब्रँच, म्हणजे कोडची स्वतंत्र शाखा, दोन दिवसांच्या वर वेगळी राहू देऊ नका. टेबलातला बदल हाताने कधीच नको, क्रमांक घातलेल्या फाइलमधूनच करा.

आणि ब्लॅक बुक शेवटी लिहायची वस्तू नाही. प्रत्येक निर्णयाला दहा ओळी: तारीख, कोणते पर्याय होते, हाच का घेतला, काय घडलं तर बदलू. ‘मोंगो (दुसरा एक डेटाबेस) का नाही घेतलं?’ असं व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, विचारलं की उत्तर तिथेच सापडतं. व्हायवाच्या आठवडाभर आधी बॅकअप रिकाम्या डेटाबेसवर चढवा, बुकिंगची संख्या मोजा, आणि एफ-१२ कोणाच्या नावावर आहे ते उघडून बघा.